एका भुयारी स्थानकाचें नांव

२०२५ सालच्या दिवाळीनंतरची ही गोष्ट आहे. माझी धाकटी बहीण बडोद्यास असते. भाऊबीजेसाठीं ती गिरगांवांत आमच्या थोरल्या भावाकडे उतरली होती आणि रात्रीच्या गाडीनें परत जाणार होती. तिला मुंबई सेंट्रलवर गाठावें, चार शब्द बोलावे आणि हातांत फराळाचा डबा द्यावा, एवढ्याच कामासाठीं मी संध्याकाळीं दादरहून निघालों. नवी भुयारी रेल्वे, जिला आपण सर्वजण मेट्रो म्हणतों, ती नुकतीच थेट कफ परेडपर्यंत सुरू झाली होती. नातवंडांनीं तिचें फार कौतुक सांगितलें होतें. म्हणून नेहमींची लोकल सोडून मीं जमिनीखालची वाट धरली.

डब्यांत दाराच्या वर स्थानकांचीं नांवें ओळीनें दिलेलीं असतात. शिक्षकाच्या संवयीनें मीं ती ओळ डावीकडून उजवीकडे वाचली; मग उजवीकडून डावीकडे वाचली. मुंबई सेंट्रल कोठेंच नव्हतें. माझी चुळबुळ पाहून शेजारी उभा असलेला एक तरुण म्हणाला, "काका, कुठं उतरायचंय तुम्हांला?" मीं सांगितलें. तो म्हणाला, "मग जगन्नाथ शंकरशेठला उतरा. तेंच मुंबई सेंट्रल."

श्रोतेहो, मला मनांतून फार ओशाळल्यासारखें झालें. ज्या मनुष्यानें चौतीस वर्षें मुलांना मराठी आणि इतिहास शिकविला, ज्यानें 'जगन्नाथ शंकरशेठ यांची कामगिरी थोडक्यांत लिहा' हा प्रश्न कितीतरी वेळां फळ्यावर लिहिला, त्याच्या डोळ्यांखालून तें नांव दोनदां गेलें आणि त्याला तें दिसलें नाहीं! कारण मी ठिकाण शोधीत होतों, माणूस शोधीत नव्हतों.

पण गोष्ट येथें संपली नाहीं. त्या तरुणानें मला सहज विचारलें, "काका, हे शंकरशेठ कोण होते हो? कोणी मोठे शेठ असतील. स्टेशनला जागा दिली असेल त्यांनीं." तेवढ्यांत महालक्ष्मी आलें. पुढचें स्थानक माझें. मधल्या दोन मिनिटांत मीं त्याला जें सांगितलें त्यांत बोरीबंदर होतें, ठाणें होतें, संस्कृत होतें आणि मुलींची शाळा होती. परंतु एकाचा दुसऱ्याशीं मेळ नव्हता. दार उघडलें, मी उतरलों, आणि उत्तर अर्धवट राहिलें. आज मला या ध्वनिक्षेपकासमोर थोडा अधिक वेळ मिळाला आहे. तो तरुण कोठें ऐकत असला तर ठीकच. नसला तरी हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाहीं.

प्रथम त्या स्थानकाकडेच वळूं. आरे वसाहतीपासून कफ परेडपर्यंत जाणारा हा मार्ग सुमारें साडेतेहतीस किलोमीटर लांबीचा आहे. त्यावर २७ स्थानकें आहेत आणि त्यांपैकीं आरे हें एकटेंच काय तें जमिनीवर आहे. उरलेलीं २६ जमिनीच्या पोटांत. मार्ग एकदम खुला झाला नाहीं. २०२४ च्या ऑक्टोबरांत आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल, २०२५ च्या मे महिन्यांत तेथून वरळीच्या आचार्य अत्रे चौकापर्यंत, आणि २०२५ च्या ऑक्टोबरांत तेथून कफ परेडपर्यंत, अशा तीन टप्प्यांत तो सुरू झाला. शेवटच्या टप्प्यांतील अकरा स्थानकांपैकीं तिसरें तें आपलें स्थानक. मुंबईच्या पोटांतील काळा दगड पोखरीत दोन समांतर बोगदे नेण्यासाठीं प्रचंड यंत्रें जमिनीखालीं उतरविलीं होतीं. वर ट्रामच्या काळापासूनच्या चाळी, देवळें, मशिदी, रुग्णालयें, आणि खालीं हें काम चाललेलें. फलाटाच्या कडेला कांचेची भिंत आहे; गाडी येऊन थांबल्यावरच तिचीं दारें उघडतात. त्यामुळें गाडी धडधडत येतांना अंगावर येणारा वारा येथें नाहीं. जुन्या लोकलच्या प्रवाशास हें थोडें चुकल्यासारखें वाटतें.

पायऱ्या चढून वर आलें कीं एका बाजूस पश्चिम रेल्वेचें टोकाचें स्थानक मुंबई सेंट्रल, समोर एस. टी. चें आगार, आणि जवळच नायर रुग्णालय. कोंकणांत जाणाऱ्या माणसाला हें आगार आणि गुजराथेंत जाणाऱ्याला हें स्थानक पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. मेट्रोच्या मूळ आराखड्यांतही या भुयारी स्थानकास मुंबई सेंट्रल असेंच म्हणत. मग तें जगन्नाथ शंकरशेठ कसें झालें? याचें उत्तर देण्यापूर्वीं, मुंबई सेंट्रल हें नांव तरी तेथें कोठून आलें तें पाहिलें पाहिजे. कारण त्या जागेचें तें काहीं पहिलें नांव नव्हे.

मुंबई सेंट्रल बांधण्यापूर्वीं तेथें लोकल गाड्यांचें एक लहानसें स्थानक होतें. त्याचें नांव बेलासिस रोड. हें नांव शेजारच्या रस्त्यावरून पडलेलें. तो रस्ता १७९३ सालचा. त्या वर्षीं सुरतेकडे दुष्काळ पडला आणि पोटासाठीं बाहेर पडलेले गरीब लोक मुंबईस आले. त्यांना फुकट अन्न वाटण्यापेक्षां काम द्यावें, म्हणून मेजर जनरल बेलासिस यांच्या पुढाकारानें वर्गणी गोळा झाली आणि तिच्यांतून हा रस्ता त्या लोकांच्या हातून बांधविण्यांत आला. रस्त्यावर बसविलेल्या शिळेंत ही हकीकत कोरलेली होती. म्हणजे नांव एका लष्करी साहेबाचें. पण घाम सुरतेच्या दुष्काळग्रस्तांचा. पुढें या रस्त्याचें नांव जहांगीर बोमन बेहराम मार्ग असें ठेवण्यांत आलें. तरी टॅक्सीवाल्यास बेलासिस रोड म्हटल्यावर अजून कळतें.

आतां 'सेंट्रल'. बी. बी. अँड सी. आय. रेल्वेचें दक्षिणेकडील टोक पूर्वीं कुलाब्यास होतें. तिकडची जागा सोडावी लागली, तेव्हां लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठीं नवें स्थानक बेलासिस रोडपाशीं बांधण्यांत आलें. वास्तुशिल्पी क्लॉड बॅटले यांनीं त्याचा आराखडा केला. अवघ्या एकवीस महिन्यांत, सुमारें दीड कोटि रुपये खर्चून तें उभें राहिलें आणि १९३० सालच्या १८ डिसेंबरला खुलें झालें. त्याचें नांव 'बॉम्बे सेंट्रल' ठेविलें. बेलासिस साहेबांचें नांव स्थानकावरून गेलें तें तेव्हांच. या 'सेंट्रल' शब्दानें परगांवच्या लोकांची केवढी फसगत केली आहे! सेंट्रल म्हणजे मध्य, म्हणून तें मध्य रेल्वेचें स्थानक असावें असें समजून तेथें येणारे आणि मग सामान घेऊन बोरीबंदराकडे धांवणारे पाहुणे आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिले असतील. वास्तविक मध्य रेल्वेशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. सारांश, सेंट्रल हें नांव कांहीं अनादि काळापासूनचें नव्हे, आणि फारसें अर्थपूर्णही नव्हे. तें रेल्वे कंपनीनें सोयीसाठीं दिलें आणि लोकांनीं वापरून वापरून आपलेंसें केलें.

आतां त्या तरुणाच्या प्रश्नाकडे येऊं. शंकरशेठ कोण?

पहिली गोष्ट, शंकरशेठ हें त्यांचें स्वतःचें नांव नव्हे. तें त्यांच्या वडिलांचें. घराण्याचें आडनांव मुरकुटे. मूळचें हें घराणें मुरबाडकडचें, जातीनें दैवज्ञ, आणि धंद्यानें सावकारी-व्यापारी. वडील शंकरशेठ यांनीं मोठी संपत्ति मिळविली. १८०३ सालच्या १० फेब्रुवारीस जगन्नाथांचा जन्म झाला आणि १८२२ सालीं वडील वारले, तेव्हां हा सगळा पसारा एकोणीस वर्षांच्या मुलावर येऊन पडला. लोक त्यांना प्रेमानें नाना म्हणूं लागले आणि तेंच नांव मुंबईच्या तोंडीं राहिलें. इंग्रजी लिपींत या नांवाचे शंकर आणि शेठ असे दोन तुकडे करून लिहितात. माझ्या मतें तें बरें नव्हे. तोडून लिहिलें कीं शंकर नांवाचा कोणी शेठ असा भास होतो आणि जगन्नाथ मागें पडतो. त्या तरुणाचा गैरसमजही अर्धा या तुकड्यांतूनच निघाला असावा, अशी मला शंका आहे.

तो शेठ होते म्हणाला तें खोटें नव्हतें. परंतु जागा दिली म्हणून स्थानकाला नांव मिळालें, हें मात्र खरें नव्हे. नानांचें रेल्वेशीं नातें आहे तें याहून फार जुनें आणि फार जवळचें आहे.

१८४० नंतरच्या त्या वर्षांत आगगाडी ही विलायतेंतसुद्धां नवलाईची वस्तु होती. मुंबईंत कापूस आणि अफू यांचा व्यापार वाढत होता. पण घाटावरून माल खालीं आणावयाचा म्हणजे बैलाच्या पाठीवर किंवा गाड्यांवर. पावसाळ्यांत तें सारेंच बंद. अशा वेळीं मुंबईहून देशांत लोहमार्ग न्यावा ही कल्पना निघाली. १८४५ सालीं त्यासाठीं मुंबईंत जी खटपट सुरू झाली तींत सर जमशेटजी जीजीभाई आणि नाना शंकरशेठ हे पुढें होते. पुढें विलायतेंत ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनी स्थापन झाली, १८४९ सालीं पार्लमेंटाच्या कायद्यानें तिला मान्यता मिळाली, आणि तिच्या मुंबईकडील कामांत नानांचा हात होता. कंपनीचें पहिलें कार्यालय गिरगांवांत नानांच्या वाड्यांत थाटलें होतें, असें जुने मुंबईकर सांगत आले आहेत. १८५३ सालच्या १६ एप्रिलला दुपारीं बोरीबंदराहून ठाण्याकडे जी गाडी निघाली, तिला चौदा डबे आणि साहिब, सिंध व सुलतान अशीं तीन इंजिनें होतीं. चारशेंच्या सुमारास निमंत्रित मंडळी तींत बसली होती. तोफांची सलामी झाली. एकवीस मैलांचा तो प्रवास. नानाही त्या मंडळींत होते.

लोक आगगाडीकडे तेव्हां कसे पाहत याची आज कल्पना करवत नाहीं. कोणी तिला नमस्कार करी, कोणी तींत बसलें तर आयुष्य कमी होतें म्हणे, कोणाला विटाळाची भीति. अशा काळांत गांवांतला एक प्रतिष्ठित, कर्मठ घरांतला गृहस्थ स्वतः पैसा घालतो, कागदावर सही करतो, आणि त्या धुराच्या गाडींत जाऊन बसतो, याचें वजन फार होतें. भांडवल विलायतेचें होतें, इंजिनियर विलायतेचे होते, हें खरें. पण शेजारपाजारच्या माणसाला गाडींत बसण्याचा धीर इंजिनियर देऊं शकत नव्हता.

आतां येथें माझ्यांतला परीक्षक जागा होतो. नानांचा ज्या रेल्वेशीं संबंध, ती जी. आय. पी., म्हणजे आजची मध्य रेल्वे. आणि त्यांचें नांव दिलें कोठल्या स्थानकाला? बी. बी. अँड सी. आय. च्या, म्हणजे पश्चिम रेल्वेच्या, टोकाखालच्या भुयाराला! मुलानें उत्तरपत्रिकेंत असें लिहिलें असतें तर मीं लाल रेघ ओढली असती. न्यायानें पाहिलें तर त्यांची जागा बोरीबंदराची. परंतु बोरीबंदराच्या स्थानकास १९९६ सालीं छत्रपति शिवाजी महाराजांचें नांव दिलें गेलें. तेथें कोणाचीही तक्रार असण्याचें कारण नाहीं. शिवाय दुसऱ्या बाजूनेंही एक गोष्ट सांगतां येते. पश्चिमेचा लोहमार्ग १८६४ सालीं गुजराथेकडून खालीं आला तो ग्रँट रोडपर्यंत, म्हणजे नानांच्या वस्तीच्या जवळ. १८६५ सालच्या ३१ जुलैस नाना वारले. म्हणजे आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत घरच्या बाजूनें दुसऱ्या रेल्वेची शिटी त्यांना ऐकूं आली असेलच. एवढ्यावर मी लाल रेघ पुसून अर्धा गुण देण्यास तयार आहें.

परंतु रेल्वे हा नानांच्या आयुष्याचा एक भाग झाला. माझ्यासारख्या शाळामास्तराला त्यांची आठवण येते ती दुसऱ्याच कारणानें. १८४० सालीं सरकारनें मुंबई इलाख्याच्या शिक्षणासाठीं एक बोर्ड नेमलें. नाना त्याचे सभासद होते. त्या बोर्डांत पुढें मोठा वाद झाला. अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचें म्हणणें असें कीं, शिक्षण द्यावयाचें तें इंग्रजींतून द्यावें. थोड्या लोकांना द्यावें, पण उत्तम द्यावें. कर्नल जर्व्हिस यांचें म्हणणें याच्या उलट: सामान्य जनतेला ज्ञान पोहोंचवावयाचें तर तें तिच्या भाषेंतूनच पोहोंचेल. नानांनीं आणि त्यांच्याबरोबरच्या हिंदी सभासदांनीं जर्व्हिस यांची बाजू घेतली. नानांना स्वतःला इंग्रजी उत्तम येत होतें, साहेब लोकांत त्यांची ऊठबस होती. इंग्रजीचा कैवार घेतला असता तर त्यांचें कांहीं बिघडलें नसतें. तरी त्यांनीं मातृभाषेचा पक्ष धरला. शेवटीं तडजोड झाली. वरचें शिक्षण इंग्रजींतून आणि प्राथमिक शिक्षण देशी भाषांतून, अशी वांटणी पुढें रूढ झाली. मी जिल्हा परिषदेच्या शाळेंत मराठींतून शिकलों, शालान्त परीक्षा झालों आणि मराठींतूनच शिकविलें. त्या वादांत नाना दुसऱ्या बाजूस गेले असते तर माझ्यासारख्याचें काय झालें असतें, हा विचार माझ्या मनांत येतो.

१८४९ च्या सुमारास एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनीं मुलींसाठीं शाळा काढल्या, तेव्हां मुलीला अक्षर शिकविलें तर ती विधवा होते असें मानणाऱ्या समाजांत नाना त्यांच्या पाठीशीं उभे राहिले आणि आपल्या वाड्यांत शाळेला जागा दिली. म्हणजे पाहा, जागा त्यांनीं दिली खरी; पण ती स्थानकाला नव्हे, शाळेला. तरुणाच्या उत्तरांत मी येथेंही थोडे गुण देतों.

१८५२ सालीं बॉम्बे असोसिएशन ही मुंबईची पहिली राजकीय संस्था निघाली, तिचे ते अध्यक्ष झाले. १८६२ सालीं मुंबईच्या कायदे कौन्सिलावर त्यांची नेमणूक झाली. टाऊन हॉलांत, एशियाटिक सोसायटीच्या इमारतींत, त्यांचा संगमरवरी पुतळा आहे, पागोटें घातलेला. आणि त्यांच्या पश्चात्, त्यांच्या नांवें मॅट्रिकच्या परीक्षेंत संस्कृतासाठीं शिष्यवृत्ति सुरू झाली. जुन्या पिढींतील विद्वानांच्या चरित्रांत 'जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्ति मिळविली' हें वाक्य ठिकठिकाणीं आढळतें. पुढें भारताचे अर्थमंत्री झालेले चिंतामणराव देशमुख यांनीं ती १९१२ सालीं पटकाविली होती. आमच्या लहानपणीं आमचे संस्कृतचे गुरुजी शब्दरूपें पाठ करून घेतांना म्हणत, "कोण मिळविणार रे शंकरशेठ?" शंकरशेठ हें एखादें पदक असावें असें मला कितीतरी दिवस वाटत होतें. माणसाचें नांव इतकें वापरांत रुळलें कीं त्यामागचा माणूस नाहींसा झाला. स्थानकाच्या नांवाचें याहून वेगळें काय होणार, ही माझी काळजी आहे.

कारण नांवाकडून आपण दोन कामांची अपेक्षा करतों. एक, वाट दाखविणें. दुसरें, आठवण ठेवणें. हीं दोन कामें नेहमीं जुळतातच असें नाहीं. ज्याला बडोद्याची गाडी पकडावयाची आहे, हातांत दोन पिशव्या आहेत, त्याला मुंबई सेंट्रल हवें असतें. त्याच्या दृष्टीनें वर एक नांव आणि खालीं दुसरें, ही अडचणच. लोहमार्गावरील स्थानकाचें नांव बदलावयाचें तर राज्याची इच्छा पुरत नाहीं. केंद्रीय गृहखात्याची संमति लागते. वरच्या मुंबई सेंट्रललाही नानांचें नांव द्यावें ही मागणी जुनी आहे, आणि २०२४ सालीं राज्याच्या मंत्रिमंडळानें मुंबईंतील इतर कांहीं स्थानकांबरोबर या बदलासही मान्यता दिली. परंतु मेट्रो सुरू झाली तेव्हां वरची पाटी मुंबई सेंट्रल अशीच होती. म्हणून नानांचें नांव आधीं भुयारांत लागलें. ज्याचें कार्य पायाचें, त्याचें नांव पायाखालीं लागलें, असें एक स्नेही विनोदानें म्हणाले.

या भुयारी मार्गावरच्या नांवांत आणखी एक गंमत आहे, ती सांगितल्यावांचून राहवत नाहीं. वरच्या पश्चिम रेल्वेवर दीडशें वर्षें गिरगांव नांवाचें स्थानक नव्हतें. गिरगांवच्या माणसानें चर्नी रोडला उतरावें, काळबादेवीच्या माणसानें मरीन लाइन्सला. रेल्वे कंपन्यांनीं नांवें घेतलीं तीं रस्त्यांवरून, लष्कराच्या छावण्यांवरून आणि गव्हर्नरांवरून: ग्रँट रोड, सँडहर्स्ट रोड, एल्फिन्स्टन रोड. यांपैकीं एल्फिन्स्टन रोडचें २०१८ सालीं प्रभादेवी झालें. भुयारी मार्गानें मात्र गिरगांव आणि काळबादेवी हीं नांवें प्रथमच आगगाडीच्या पाटीवर आणलीं. हुतात्मा चौकाचेंही तसेंच. पण चर्चगेट राहिलेंच. त्याची कथा तर सर्वांत मजेची. किल्ल्याच्या तटाला सेंट थॉमसच्या देवळासमोर एक दरवाजा होता, म्हणून तें चर्चगेट. १८६० नंतरच्या वर्षांत तट पाडला, दरवाजाही गेला. लाखों लोक रोज ज्या दरवाजाचें नांव घेतात तो दीडशें वर्षांहून अधिक काळ अस्तित्वांतच नाहीं! म्हणजे वस्तु गेली तरी नांव टिकतें. मग माणूस गेला तरी नांव टिकेल. पण त्या नांवावरून दरवाजा कसा होता तें जसें कोणाला सांगतां येत नाहीं, तसा माणूस कसा होता तेंही सांगतां येऊं नये, हें काहीं बरें नाहीं.

यासाठीं मोठी योजना नको. स्थानकांत उतरणाऱ्याच्या वाटेवर, डोळ्यांच्या उंचीवर, मराठींत आठ-दहा ओळी असाव्या: हे कोण, केव्हांचे, यांनीं काय केलें. १८५३ सालच्या गाडीचें एक चित्र असावें. बेलासिस रोडच्या शिळेसारखें. तिनें दुष्काळांतल्या त्या नांव नसलेल्या मजुरांनासुद्धां विसरूं दिलें नाहीं.

त्या संध्याकाळीं बहीण मला फलाटावर भेटली. उशीर कां झाला म्हणून रागावली. मीं सांगितलें, मला मुंबई सेंट्रल सांपडलें नाहीं. ती हंसली, डबा घेतला, गाडी सुटली. परततांना मात्र मी मेट्रोनें लगेच आलों नाहीं. म्हटलें, आज नानांचाच दिवस आहे, तर त्यांच्या चौकापर्यंत पायीं जाऊन यावें. कारण, श्रोतेहो, मुंबईंत नानांच्या नांवाचा चौक फार पूर्वींपासून आहे. ज्यावर आज तो गोल आकाशमार्ग उभा आहे, तोच हा नाना चौक. जवळच नानांच्या घराण्याचें भवानीशंकराचें देऊळ. नानांची खरी वस्ती ही. आणि तें आहे कोठें? ग्रँट रोड स्थानकापाशीं! सर रॉबर्ट ग्रँट १८३५ पासून १८३८ पर्यंत मुंबईचे गव्हर्नर होते. त्यांच्या नांवाचा रस्ता, त्या रस्त्याच्या नांवाचें वरचें स्थानक, आणि आतां त्याच नांवाचें खालचें स्थानक. नानांच्या दारांतलें स्थानक साहेबांचें, आणि नानांचें स्थानक त्याच्या अलीकडलें!

तेव्हां मेट्रोनें जाणाऱ्यांना एक सूचना करून मी आपली रजा घेतों. ज्यांना बडोद्याची, सुरतेची किंवा दिल्लीची गाडी पकडावयाची असेल त्यांनीं जगन्नाथ शंकरशेठ येथें उतरावें. परंतु ज्यांना नाना चौकांत जावयाचें असेल त्यांनीं मात्र नानांच्या स्थानकावर उतरूं नये. वांद्र्याकडून येत असल्यास आणखी एक स्थानक बसून राहावें, ग्रँट साहेबांच्या स्थानकावर उतरावें, आणि पूल ओलांडून पश्चिमेकडे चालूं लागावें.